नदीकाठच्या पदपथांची सुगमता : उतार, पायरी आणि अखंड वाट

दख्खनच्या पठारावरील नदीकाठच्या कोणत्याही जुन्या गावी गेले असता प्रथम नजरेत भरतो तो त्या गावचा घाट. नाशिक येथे गोदावरीच्या, वाई येथे कृष्णेच्या आणि पंढरपूर येथे भीमेच्या काठी बांधलेले घाट ही केवळ स्नानाची स्थाने नव्हेत. ते त्या त्या गावाच्या सार्वजनिक जीवनाचे अंगणच होय. सकाळचे स्नान, संध्याकाळचा फेरफटका, पर्वकाळची गर्दी, पितरांचे श्राद्ध आणि आप्तांच्या अस्थींचे विसर्जन ही सर्व कार्ये येथेच होतात. तथापि याच घाटाच्या माथ्यावर, पहिल्या पायरीच्या अलीकडे, एखादी वृद्ध स्त्री अथवा कुबड्या घेतलेला एखादा गृहस्थ बसून राहिलेला दिसतो. घरची मंडळी खाली पाण्यापाशी जाऊन विधी उरकतात आणि वर येताना त्या व्यक्तीसाठी तांब्याभर पाणी घेऊन येतात. हे दृश्य इतके नित्याचे आहे की त्यात काही उणे आहे असे सहसा कोणास वाटत नाही. हे उणे नेमके काय आहे, ते कशामुळे उत्पन्न होते आणि स्थापत्याच्या साधनांनी ते कितपत दूर करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

हालचालीस मर्यादा असलेल्या व्यक्ती असे म्हटले की चाकांची खुर्ची वापरणारा मनुष्य डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः हा वर्ग पुष्कळच विस्तृत आहे. २०११ च्या जनगणनेत भारतातील २ कोटी ६८ लक्ष व्यक्तींची नोंद अपंग म्हणून झाली आणि त्यांपैकी सुमारे ५४ लक्ष व्यक्तींचे अपंगत्व हालचालीशी निगडित होते. परंतु गुडघेदुखीने त्रस्त झालेली वृद्ध मंडळी, हृदयविकारामुळे जिना वर्ज्य असलेले रुग्ण, गरोदर स्त्रिया, पाय मोडल्यामुळे काही महिने वॉकर घेऊन चालणारे आणि कडेवर मूल असलेली माता यांची गणना या आकड्यात होत नाही. आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर बहुतेक माणसे या वर्गात येऊन जातात. म्हणून सुगमतेचा प्रश्न एका लहानशा गटाचा प्रश्न मानणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही.

१. नदीचा मूळ सपाटपणा

या विषयाच्या मुळाशी भूगोलातील एक साधी गोष्ट आहे व तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने पुढील सर्व घोटाळा होतो. नदी आपल्या प्रवाहाच्या दिशेने जवळजवळ सपाट असते. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि तेथून गोदावरीस समुद्र गाठण्यासाठी चौदाशेहून अधिक किलोमीटर वाहावे लागते. म्हणजे सरासरीने पाहता सव्वादोन ते अडीच किलोमीटरच्या अंतरात तिची पातळी अवघी एक मीटर खाली येते. इंग्लंडमधील टेम्स नदी सुमारे ३४६ किलोमीटर लांब असून तिचा उगम समुद्रसपाटीपासून सुमारे ११० मीटर उंचीवर आहे. तेथे हे प्रमाण तीन किलोमीटरला एक मीटर असे पडते. सरासरी ही सरासरीच असते, धबधबे आणि खळाळ यांनी ती मधूनमधून मोडते हे खरे. परंतु वसती असलेल्या प्रदेशात नदीच्या कडेने चालणाऱ्या मनुष्यास चढ जाणवू नये इतका तो सौम्य असतो.

याउलट नदीच्या आडव्या दिशेने, म्हणजे गावाकडून पाण्याकडे जाताना, चार-सहा मीटरांची उंची अवघ्या दहा-पंधरा मीटरांच्या अंतरात उतरावी लागते. दख्खनच्या नद्यांनी कठीण काळ्या पाषाणात आणि त्यावरील मातीच्या थरांत आपली पात्रे कोरली असल्याने त्यांचे काठ पुष्कळ ठिकाणी उंच व तीव्र आहेत. नदीकाठचा चढ असतो तो या आडव्या दिशेस, आणि तो कोणत्या रीतीने उतरावयाचा हे निसर्ग ठरवीत नाही, बांधणारा ठरवितो. डोंगरातील वाट सुगम करण्यात निसर्गाचाच विरोध असतो. नदीकाठच्या वाटेच्या बाबतीत निसर्ग बव्हंशी अनुकूल आहे. येथील अडचण मुख्यतः मनुष्यनिर्मित होय.

मराठी भाषेने या गोष्टीची खूण आपल्यापाशी जपून ठेवली आहे. ‘उतार’ या शब्दाचा एक अर्थ ढाळ, आणि दुसरा अर्थ नदी ओलांडावयाची जागा. जेथे बैलगाडी पाण्यात घालता येते तो नदीचा उतार. गाडीस पायऱ्या उतरता येत नाहीत. म्हणून गाडीवाट काठाला तिरकस कापीत, लांबण घेत, हळूहळू पाण्यापर्यंत उतरे. पोळ्याच्या सणास बैल धुण्यासाठी नदीवर नेले जातात तेही अशाच वाटेने. तात्पर्य, सौम्य उताराने पाण्यापर्यंत कसे जावे ही विद्या खेड्यापाड्यांत नवी नाही. गाडी आणि बैल यांच्यासाठी जे सहज केले गेले, ते माणसांसाठी बांधलेल्या घाटावर मात्र केले गेले नाही, एवढेच.

२. उताराचे गणित

उताराचे प्रमाण ‘१ : १२’ अशा रीतीने लिहितात. त्याचा अर्थ बारा मीटर आडवे अंतर चालले असता एक मीटर उंची चढणे अथवा उतरणे. या प्रमाणाचे महत्त्व यंत्रशास्त्राच्या प्राथमिक नियमावरून ध्यानात येते. मनुष्य आणि चाकांची खुर्ची मिळून ९० किलोग्रॅम भार धरल्यास, केवळ भाराला उतारावर वर ढकलण्यासाठी १ : २० च्या चढावर सुमारे साडेचार, १ : १२ च्या चढावर साडेसात आणि १ : ८ च्या चढावर सुमारे ११ किलोग्रॅम वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. सपाट, टणक व गुळगुळीत पृष्ठभागावर हीच खुर्ची एक ते दोन किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने चालते. म्हणजे १ : १२ हा चढ डोळ्यांस किरकोळ वाटला तरी दंडांवर पडणारा ताण सपाटीच्या कित्येक पट असतो, आणि हात दर वेळी चाकावरून उचलताच खुर्ची मागे घसरू पाहते.

उतरणे हे चढण्यापेक्षा सोपे असते अशी समजूत आहे. तीही सर्वांशाने खरी नाही. खुर्ची वापरणारास तळहातांनी चाके आवळून वेग रोखावा लागतो. काठी घेऊन चालणाऱ्याच्या गुडघ्यांवर उतरतानाच अधिक भार येतो. शिवाय कृत्रिम पाय असलेल्या अथवा सांधे ताठरलेल्या काही व्यक्तींस लांबलचक उतारापेक्षा कठडा धरून चार बुटक्या पायऱ्या उतरणे अधिक सुकर वाटते. म्हणून पायऱ्या काढून टाकून त्यांच्या जागी रॅम्प करणे हा सुगमतेचा अर्थ नव्हे. पायरी आणि रॅम्प ही दोन्ही एकमेकांच्या जवळ असणे व दोहोंस धरावयास कठडा असणे, हीच योग्य रचना होय.

चढ जितका तीव्र तितकी त्याची सलग लांबी कमी असली पाहिजे, हे दुसरे तत्त्व. इमारतींच्या रॅम्पसंबंधी इंग्लंडमधील नियमांत १ : २० च्या चढास एका दमात १० मीटर, १ : १५ च्या चढास ५ मीटर आणि १ : १२ च्या चढास केवळ २ मीटर इतकीच मुभा आहे, त्यानंतर सपाट विसावा आलाच पाहिजे. अमेरिकेत संघ-शासनाच्या ताब्यातील मोकळ्या भूमीवरील पाऊलवाटांसाठी २०१३ मध्ये जे नियम करण्यात आले, ते निसर्गाची अडचण ओळखून अधिक सैल आहेत. त्यांनुसार १ : २० पर्यंतच्या उतारास लांबीची मर्यादा नाही, १ : १२ पर्यंतचा उतार ६१ मीटर, १ : १० पर्यंतचा ९ मीटर आणि १ : ८ पर्यंतचा ३ मीटर चालू शकतो, आणि एकंदर वाटेचा ३० टक्क्यांहून अधिक भाग १ : १२ पेक्षा तीव्र असू नये. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांतही रॅम्पसाठी १ : १२ ही कमाल मर्यादा मानली आहे. आकडे निरनिराळे असले तरी त्यांमागील विचार एकच आहे. माणसाची शक्ती केवळ उंचीने खर्च होत नाही. विश्रांतीवाचून किती वेळ झटावे लागते यावरही ती अवलंबून असते.

आता हे गणित घाटास लावून पाहावे. समजा, गावाचा रस्ता पाण्यापासून सहा मीटर उंच आहे. पायऱ्यांनी, १ : २ च्या प्रमाणात, ही उंची बारा मीटरांत उतरता येते. तीच उंची १ : १२ च्या उताराने उतरण्यास ७२ मीटर आणि १ : २० च्या उताराने उतरण्यास १२० मीटर लांबी लागते. दर दहा मीटरांवर दीड मीटरचा सपाट विसावा धरल्यास १ : २० चा मार्ग सुमारे १३५ मीटर लांब होईल. एखाद्या कचेरीच्या अंगणात इतकी जागा मिळणे अशक्यच. परंतु नदीकाठी ज्या एका गोष्टीची वाण नाही ती म्हणजे लांबी. रॅम्प पाण्याच्या दिशेने सरळ न सोडता नदीस समांतर वळविला, तर त्यास काठाची केवळ दोन मीटर रुंदीची पट्टी पुरते. इमारतीच्या रॅम्पचे नियम जसेच्या तसे उचलून आणि त्यांच्या अडचणीही सोबत घेऊन नदीकाठाकडे पाहिले जाते, म्हणूनच ‘येथे जागा नाही’ हे उत्तर वारंवार ऐकावे लागते.

३. दोन परदेशी उदाहरणे

लांबीचा लाभ घेतलेली आणि न घेतलेली, अशी दोन उदाहरणे येथे उद्बोधक ठरतील.

पहिले टेम्सच्या काठचे. उगमापासून लंडनपर्यंत जाणारा ‘टेम्स पाथ’ हा सुमारे तीनशे किलोमीटरचा पदपथ राष्ट्रीय पदपथ म्हणून १९९६ मध्ये खुला झाला. त्याचा मोठा भाग जुन्या ओढवाटेवरून जातो. आगगाडीपूर्व काळात मालाच्या नावा दोरखंडाने ओढणारे घोडे नदीकाठाने चालत आणि त्यांच्यासाठी ही वाट राखलेली असे. ओझे ओढणाऱ्या घोड्यास चढ आणि पायरी ही दोन्ही नकोशी. म्हणून वाट पाण्याच्या पातळीला धरून राहिली. नदीवर जागोजागी बंधारे आणि नावांची चढउतार करण्यासाठी जलद्वारांच्या कोठ्या बांधल्याने पाण्याची पातळीही बरीचशी स्थिर राहिली व जो काही उतार होता तो त्या त्या ठिकाणी एकवटला. अशा रीतीने व्यापाराच्या सोयीसाठी केलेली वाट दोन शतकांनंतर चाकांच्या खुर्चीस उपयोगी पडते. मात्र या वाटेवर जेथे अडते तेथे ते बहुधा पुलावर चढण्याच्या पायऱ्यांपाशी, कुंपणाच्या फाटकापाशी किंवा चिखलापाशी अडते. नदीच्या उतारापाशी नव्हे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो या शहराचे. १९२१ च्या महापुरानंतर तेथे पूरनियंत्रणाची कामे झाली आणि रॉबर्ट ह्यूगमन या वास्तुशिल्पज्ञाच्या कल्पनेनुसार १९३९ ते १९४१ या काळात शहराच्या मध्यातील नदीच्या वळणावर ‘रिव्हर वॉक’ हा पदपथ बांधण्यात आला. तो रस्त्याच्या पातळीपेक्षा सुमारे एक मजला खाली आहे. वरची गजबज खाली ऐकू येत नाही, झाडांची सावली आहे, पाणी हाताच्या अंतरावर आहे. आणि खाली उतरण्यासाठी मूळ कामात ३१ जिने बांधले गेले. सौंदर्यदृष्ट्या ही रचना नावाजली गेली. परंतु ज्यास जिना उतरता येत नाही त्याच्या दृष्टीने ते ३१ दरवाजे बंदच होते. पुढे तेथे रॅम्प आणि उद्वाहक बसविण्यात आले. मुळात विचार न केलेली गोष्ट मागाहून जोडावी लागते तेव्हा ती यंत्रावर विसंबून राहते, आणि यंत्र बिघडले की वाट पुन्हा बंद होते, हा त्यातील बोध होय.

४. घाट आणि पूर

दख्खनच्या नद्यांचा प्रश्न मात्र या दोहोंहून निराळा आहे, कारण येथील पाण्याची पातळी स्थिर नाही. उन्हाळ्यात पात्रात धार उरते आणि पावसाळ्यात तीच नदी घाटाचा माथा गाठते. नाशिकचे लोक गोदावरीचा पूर मोजतात तो नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी मारुतीच्या पायाशी, कमरेशी की छातीशी, यावरून शहरात पुढे काय होणार याचा अंदाज बांधला जातो. अशा नदीवर घाटाची पायरी ही अत्यंत बुद्धिपुरस्सर योजलेली वस्तू आहे. पाणी कोणत्याही उंचीवर असो, कोणती ना कोणती पायरी त्याच्या काठाशी असतेच. शिवाय दगडी पायरी पुरात वाहून जात नाही आणि पूर ओसरल्यावर झाडून काढता येते. वाई येथील ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील बाजू पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून माशाच्या आकाराची बांधलेली आहे. पुराशी भांडण न करता त्याच्या कलाने बांधकाम करण्याची ही परंपरा होय, आणि सुगमतेच्या नावाखाली तिच्याविरुद्ध जाणारी कोणतीही रचना पहिल्या मोठ्या पुरात टिकणार नाही.

येथे प्रश्न असा उपस्थित होतो की, जो गुण पायरीत आहे तो रॅम्पमध्ये आणता येईल काय? वर सांगितलेला समांतर रॅम्प याचे उत्तर देतो. हळूहळू उतरणारा आणि ठरावीक अंतराने सपाट विसावे असलेला मार्ग ही एका अर्थी फार लांब व बुटकी अशी पायऱ्यांची मालिकाच होय. पाणी ज्या उंचीवर असेल त्या उंचीचा विसावा त्या ऋतूपुरता पाण्याचा काठ ठरतो. विसावे थोडे रुंद केले तर तेथेच स्नान, तर्पण वा अस्थिविसर्जन करता येईल. ज्या ठिकाणी खालच्या अंगास कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे तेथे काम आणखी सोपे होते. या बंधाऱ्यात पावसाळा संपताच फळ्या घालून पाणी अडवितात आणि पुढील पावसाळ्यापूर्वी त्या काढून घेतात. त्यामुळे मधल्या काळात पाण्याची पातळी एरवीइतकी झपाट्याने खाली जात नाही. सर्वांत खालचा विसावा या पातळीस धरून बांधल्यास त्याचा उपयोग दीर्घकाळ होत राहील.

बांधकामाच्या तपशिलात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, रॅम्प पात्रात भराव घालून पुढे काढू नये. तो काठात कापून बसवावा. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची रेषा ती निळी व १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत भराव टाकणे म्हणजे पुराची वाट अरुंद करून त्याला गावात ढकलणे होय. दुसरी गोष्ट कठड्याची. पुरात वाहत येणारी झाडे व जलपर्णी कठड्यात अडकते, पाणी तुंबते आणि अखेरीस कठडा उखडतो. म्हणून प्रवाहाला समांतर आडव्या नळ्यांचा, उभे गज विरळ असलेला आणि पावसाळ्यापूर्वी काढून ठेवता येईल असा कठडा असावा. तिसरी गोष्ट पूर ओसरल्यानंतरच्या गाळाची. ओला गाळ आणि त्यावर चढणारे शेवाळ यांनी सर्वांत उत्तम रॅम्पही निरुपयोगी, किंबहुना धोकादायक होतो. पृष्ठभाग टाकी लावून खरबरीत केलेल्या दगडाचा असावा, आणि गाळ काढण्याचे काम कोणाचे, ते किती दिवसांत व्हावयाचे, हे बांधकामाच्या वेळीच लिहून ठेवलेले असावे. सुगमता ही एकदा बांधून होणारी वस्तू नाही. ती दरवर्षी पुन्हा निर्माण करावी लागते.

५. अखंड वाट

येथवर काठ उतरण्याचा विचार झाला. पाण्याच्या पातळीस पोहोचल्यानंतर नदीच्या बाजूने जाणारी वाट नैसर्गिकपणेच सपाट असते. परंतु तीही लहानसहान गोष्टींनी तुटते. त्यांपैकी आडवा उतार हा सहसा ध्यानात न येणारा दोष होय. पावसाचे पाणी निथळावे म्हणून वाट नदीच्या बाजूस किंचित कलती ठेवतात. हा कल १ : ५० च्या आसपास असल्यास बाधत नाही. तो वाढला की खुर्चीचे तोंड सतत उताराकडे, म्हणजे पाण्याकडे वळू लागते. ती सरळ ठेवण्यासाठी एका हाताने ढकलावे आणि दुसऱ्याने रोखावे लागते. सुटी वाळू, खडी आणि सांधे उघडे पडलेली फरशी यांत पुढची लहान चाके रुततात. दाबून बसविलेला मुरूम कोरड्या ऋतूत चांगला, पण त्यावर पाणी साचू देऊन चालत नाही.

दुसरा अडथळा फाटकांचा. दुचाकी वाहने आत येऊ नयेत म्हणून पदपथांच्या तोंडाशी लोखंडी खांब अथवा नागमोडी आडकाठ्या बसविण्याची पद्धत सर्वत्र दिसते. मोटारसायकलच्या हँडलची रुंदी आणि चाकांच्या खुर्चीची रुंदी यांत फारसा फरक नाही. म्हणून जी फट एकीला अडवील ती दुसरीलाही अडविणार, हे उघड आहे. जे काम नियमाने आणि देखरेखीने व्हावयाचे ते लोखंडावर सोपविले की त्याचा दंड निरपराध मनुष्यास भरावा लागतो. ब्रिटनमधील ‘बीएस ५७०९’ या मानकात याबाबत एक सुज्ञ क्रम सांगितला आहे. शक्य तेथे नुसती मोकळी फट ठेवावी, ते शक्य नसेल तेथेच फाटक बसवावे, आणि ओलांडून जाण्याची पायरी हा शेवटचा मार्ग समजावा. किमान अडथळा कोणता, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्याने विचारला जावा, हे त्यातील सार होय.

तिसरी गोष्ट बसण्याच्या जागांची. ब्रिटिश परिवहन खात्याच्या ‘इन्क्लुझिव्ह मोबिलिटी’ या २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत, काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीस विश्रांतीवाचून सुमारे ५० मीटर व खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीस सुमारे १५० मीटर जाता येते असे धरले आहे. या हिशेबाने एक किलोमीटरच्या वाटेवर वीस बाके असणे ही चैन ठरत नाही. बाक नसलेली वाट कितीही गुळगुळीत असली तरी काठीवाल्यासाठी ती पन्नास मीटरांवर संपते.

या सर्वांतून मोजमापाचा एक महत्त्वाचा नियम निघतो. पदपथाची सुगमता त्याच्या एकूण लांबीवरून मोजता येत नाही; ती अखंड सुगम लांबीवरून मोजली पाहिजे. समजा, तीन किलोमीटरचा एक पदपथ आहे, त्यास रॅम्प एकाच टोकाला आहे आणि त्या टोकापासून दोनशे मीटरवर नाल्याच्या मोरीपाशी एक उंच पायरी आहे. अहवालात ‘तीन किलोमीटरपैकी एकच पायरी’ असे लिहिले जाईल आणि ते खोटेही नसेल. परंतु खुर्चीवरील मनुष्यासाठी त्या पदपथाची लांबी दोनशे मीटर आहे. उरलेले अठ्ठावीसशे मीटर त्याच्यासाठी बांधलेच गेलेले नाहीत. उलटपक्षी ती एक पायरी काढण्याचा अल्प खर्च त्याला अठ्ठावीसशे मीटर मिळवून देतो. कोणती दुरुस्ती आधी करावी, हे ठरविण्याची याहून सरळ कसोटी सापडणे कठीण.

असे सर्वेक्षण करण्यास मोठी साधने लागत नाहीत. मोजपट्टी, गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि चाकांची एक खुर्ची एवढ्या साहित्यावर विद्यार्थ्यांचा एखादा गट आपल्या गावच्या घाटाचा नकाशा तयार करू शकेल. त्यात प्रत्येक अडथळ्याचे स्थान, उताराचे प्रमाण, आडवा कल, वाटेची किमान रुंदी, पृष्ठभाग आणि दोन अडथळ्यांमधील अखंड लांबी नोंदवावी. अमेरिकी नियमांत सुगम वाटेच्या आरंभी फलक लावून नेमकी अशीच माहिती देण्याची आवश्यकता सांगितली आहे. ‘ही वाट सुगम आहे’ एवढेच सांगणारा फलक वाचणाऱ्याच्या वतीने परस्पर निर्णय घेतो; उतार, रुंदी आणि लांबी सांगणारा फलक निर्णय त्याच्यावर सोपवितो.

६. आक्षेप आणि अधिकार

या सुधारणांविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, जुने घाट हा ऐतिहासिक ठेवा असून त्यांना हात लावू नये. हा आक्षेप योग्य आहे, परंतु तो येथे लागू पडत नाही. समांतर रॅम्पसाठी जुनी पायरी फोडावी लागत नाही. घाट जेथे संपतो तेथून, पुष्कळदा जुन्या गाडीवाटेच्याच जागेवरून, तो नेता येतो. दुसरा, असे लोक येतातच किती? कुलूप लावलेल्या वाचनालयात वाचक किती येतात याची मोजदाद करून वाचनालय उघडावे की नाही हे ठरविण्यासारखा हा प्रकार आहे. तिसरा आक्षेप सर्वांत सौजन्यपूर्ण वाटतो व म्हणूनच त्याचा विचार अधिक काळजीपूर्वक केला पाहिजे. आपल्याकडे माणसे प्रेमळ आहेत, चार जण मिळून म्हाताऱ्या माणसाला उचलून खाली नेतात, मग रॅम्प कशाला, असे विचारले जाते. उचलून नेणाऱ्यांच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु उचलून नेला जाणारा मनुष्य आपल्या इच्छेने जाऊ शकत नाही, हवा तेवढा वेळ थांबू शकत नाही, एकटा बसू शकत नाही आणि ओल्या पायरीवर कोणाचा पाय घसरला तर आपला तोल सावरू शकत नाही. उपकार आणि सोय यांत हाच भेद आहे. उपकारासाठी दर वेळी विचारावे लागते. सोयीसाठी विचारावे लागत नाही.

कायद्यानेही हा भेद मान्य केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्यास अनुसरून केलेला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, आणि त्याच्या कलम ४० अन्वये भौतिक परिसराच्या सुगमतेची मानके नियमांनी ठरविण्याचे दायित्व केंद्र शासनावर आले. मात्र २०१७ च्या नियमांतील नियम १५ मध्ये ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला होता त्यांचे स्वरूप बव्हंशी शिफारशीचे राहिले. राजीव रातुरी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही स्थिती अधिनियमाच्या हेतूशी विसंगत ठरविली आणि पाळणे बंधनकारक असतील अशी मानके तीन महिन्यांत निश्चित करण्यास केंद्र शासनास सांगितले. करावे तर बरे आणि केलेच पाहिजे, या दोहोंतील अंतर या निकालाने अधोरेखित झाले.

तथापि केवळ नियमाने घाट सुगम होणार नाही. १ : १२ हा आकडा पाळून बांधलेला रॅम्प गाळाने भरलेला असेल, त्याच्या तोंडाशी खांब रोवलेले असतील, अथवा बसथांब्यापासून तेथवर येण्याचा रस्ताच ओलांडता येत नसेल, तर आकड्याचे पालन होऊनही मनुष्य पाण्यापर्यंत पोहोचत नाही. नदी लांबीच्या दिशेने सपाट आहे, तिच्यापाशी लांबीची वाण नाही आणि गाडीवाटेच्या रूपाने या कामाचे पूर्वोदाहरणही गावोगावी उपलब्ध आहे. घाटाचे नवे काम अथवा जुन्याची डागडुजी हाती घेणाऱ्यांनी आराखड्यावर सही करण्यापूर्वी एकच कसोटी लावून पाहावी. माथ्यावर तांब्याभर पाण्याची वाट पाहत बसलेली ती वृद्ध स्त्री स्वतः खाली उतरून आपली ओंजळ आपल्या हाताने भरू शकेल काय? याचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत घाटाचे काम पूर्ण झाले असे समजू नये.